पात्यावर बसलेले पाव्हणे

माझं गाव कवठे महांकाळच्याही पूर्वेला. पाण्यात बुडून मेलेला माणूस आमच्या गावात माझ्या माहितीत एकच, आणि तोही दुसऱ्या गावाला जाऊन बुडालेला. अशा गावातला मी. चौथीतनं शाळा सोडलेली, मेंढरांमागं वाढलेलो. आणि जन्मभर काम केलं ते शिडाच्या होड्यांचं.

गावात हे कुणाला पटत नाही. पारावर बसलेली मंडळी विचारतात, "आबा, फौजेत तुमी बंदूक धरली का वल्हं?" मी सांगतो, शर्यतीच्या शिडाच्या होडीला वल्हं नसतंच. मग विचारतात, "मंग ती चालती कशी?" मी सांगतो, वाऱ्यावर. मग सगळे एकमेकाकडं बघतात आणि मी उठून घरी येतो.

झालं असं की भरती झाल्यावर आमची पलटण एका मोठ्या तलावाकाठी गेली. साहेब लोक तिथं शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळायचे. होड्या ठेवायच्या शेडवर मला घातलं ते सतरा वर्षं तिथंच ठेवलं. बाकीचे पहाऱ्यावर उभे राहून पाय दुखवून घ्यायचे, मी होड्या लावायचो.

होडी लावणं म्हणजे काय, ते बैलगाडी पळवणाऱ्याला पटकन कळेल. बैल तोच असतो आणि गाडीही तीच. पण आखाला वंगण किती, जू मानेवर कुठं बसतंय, यावर गाडी पुढं-मागं होते. होडीचं तसंच. डोलकाठी बोटभर मागं कलली तर एक चाल, सरळ उभी राहिली तर दुसरी. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ढिल्या असल्या तर शीड वारा सांडतं, आणि लय ताणल्या तर होडी मुकी होते, बोलत नाही. बूड पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, घेऊन घासायचं, तेही नाकाकडनं शेपटाकडं, आडवं नाही. असल्या एका गोष्टीनं वीतभर मिळतं, दुसऱ्या गोष्टीनं हातभर. दहा गोष्टी केल्या की शर्यतीच्या शेवटी एक होडीभर अंतर पडतं. बघणाऱ्याला वाटतं, साहेबानं काय होडी हाकली! साहेबाला आणि मला माहीत असायचं.

शिडावर लोकरीचे धागे लावतात. वारा शिडावरनं नीट सरकतोय का नाही ते धागा सांगतो. साहेब लोक बाजारातली रंगीत लोकर आणायचे. ती भिजली की शिडाला चिकटून बसायची. मी गावाकडनं कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर आणली आणि मांडीवर वळून धागे केले. एवढीशी फुंकर आली तरी उडायचे. त्या वर्षी आमची पलटण पहिली आली. लोकरीला कुणी बक्षीस दिलं नाही ते सोडा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. माझी लेक सातारकडं दिलीय, धरणाच्या पाण्याकाठच्या गावात. लेक म्हणून तेवढी एकच. जावई फौजेत, वर्षातनं दोनदा घरी. आणि आमच्यात बाप लेकीकडं जातो तो सकाळच्या एसटीनं, आणि चहा घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत. माझे वडील तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, आपला तांब्या आपण घेऊन जायचे. मी पाणी पितो. पण मुक्काम नाही. कामाशिवाय बाप लेकीकडं चार दिवस राहिला की लोक म्हणणार, म्हाताऱ्याला पोरानं हाकललेलं दिसतंय.

पण काम असलं तर?

आमचे एक साहेब रिटायर होऊन साताऱ्यात राहिले. त्यांनी चार जुन्या होड्या घेतल्या, धरणाच्या पाण्यावर ठेवल्या आणि आपल्यासारखीच रिटायर माणसं जमवून दर वर्षी संक्रांतीनंतर शर्यत लावायला सुरुवात केली. मला फोन आला, "हवालदार, होड्या लावायला या." होड्या बांधलेल्या लेकीच्याच गावाला, थेट व्याह्यांच्या उसाच्या कडेला. मग मी राहणार कुठं? साहेबांच्या कामासाठी आलेला माणूस काय झाडाखाली झोपणार? असे मला वर्षाचे पंधरा-वीस दिवस मिळायचे. सकाळी ती भाकरी थापत असायची, मी चुलीपुढं बसायचो, आणि ती मला तिच्या आईसारखी रागवायची. सहा वर्षं हे चाललं.

यंदा मी पिशवी घेऊन उतरलो, तर साहेब काठावर उभे. हातात एक यंत्र, चिमट्यासारखं.

"हवालदार, हे बघा. तारेला अडकवायचं आणि आकडा वाचायचा. कुठल्या वाऱ्याला किती ताण, ते तक्त्यात लिहिलंय. आता कुणीही होडी लावू शकेल. तुम्हाला एवढ्या लांबून यायची तकलीफ नको."

"तारेचा ताण मी अंगठ्यानं बघतो, साहेब."

"अंगठ्यावर आकडे नसतात."

"आन यंत्राला अंगठा नसतो."

बाजूला माझे व्याही उभे होते. ऊसवाला माणूस, फौजेत खेचरांच्या कंपनीत होते, वजन क्विंटलला चार किलो कमी. ते हसले. "आवं पाव्हणं, तुमच्याकडं टँकर आला तर लोक फोटू काढत्यात, आन तुमी आमच्या पाण्यावर साहेबास्नी शिकवताय?"

मला लय राग आला. म्हणलं, "साहेब, दोन होड्या सारख्या हायत्या. एक तुमच्या यंत्रानं लावा, एक मी लावतो. माझी म्होरं आली तर जिता हाय तवर होड्या मी लावणार. मागं ऱ्हायली तर यंत्र तुमचं आन होड्याबी तुमच्या. मी पुना न्हाई यायचा."

"अहो, हरलात तरी भेटायला या की."

"नुसतं भेटाय मी कुटंबी जात न्हाई."

बोलून गेलो. लेक मागं पाण्याची कळशी घेऊन उभी होती हे मला नंतर दिसलं. ती तशीच मागं फिरून घरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

या होडीत दोन माणसं लागतात. त्यांच्या होडीच्या सुकाणूवर साहेब बसणार, माझ्या होडीच्या मी. माझ्या जोडीला दर वर्षी एक रिटायर मास्तर असायचे, पण यंदा त्यांचा गुडघा गेलेला. ऐन वेळी व्याही म्हणाले, "मी येतो की." आता व्याह्याला नाही कसं म्हणणार? मुलीचा बाप मी. ज्यांचे पाय धुतले त्यांना 'तुमी जड हाय' म्हणायचं कसं? पण होडी ही होडी. म्हणलंच.

"पाव्हणं, आठ दिवस रातचं जेवान बंद करा."

"काय म्हंता?"

"तुमच्या एका किलोमागं होडी वीतभर मागं पडती."

"लेकीच्या सासऱ्याला उपाशी ठिवणारा बाप म्या पयलाच बघितला," असं विहीणबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. पण रात्रीचे जेवले नाहीत. गुऱ्हाळावर जाऊन काकवी पिऊन यायचे ते मला सहाव्या दिवशी कळलं. मिशीला लागलेली होती.

मी कामाला लागलो. बूड तीन वेळा घासलं. तारा अंगठ्यानं लावल्या. डोलकाठी दीड बोट मागं घेतली. जास्तीचा दोर कापून टाकला. होडी उलटी करून चार दिवस उन्हात ठेवली, कारण जुनी होडी पाणी पिऊन जड होते. लोकर गावाकडनं आणलेलीच होती, तिचे नवे धागे वळले. शर्यतीच्या दिवशी व्याह्यांच्या हातातलं चांदीचं कडं उतरवून घेतलं, मोबाइल घेतला, चपला घेतल्या, तंबाखूची पिशवी घेतली.

"चुना तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

"तंबाकू न्हाई तर चुना कशाला?"

हे सगळं दर वर्षीचंच, यंदा जरा जास्ती. पण मला यंदा वीतभर, हातभर नको होतं. मला असं काहीतरी पाहिजे होतं की यंत्राचं तोंड बंद होईल. यंदा लावून बघायचं म्हणून ते मी आधीच पिशवीतनं आणलेलं होतं. एक लिटरचा कॅन.

थोरल्या पोराची गावाकडं द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेड आहे. तिकडं घरोघरी शेडं. द्राक्षाचा घड डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि जाळीवर पसरतात. नुसता मणी ठेवला तर महिनाभर सुकत नाही. तेलातनं काढला की पंधरा-अठरा दिवसांत पाणी पळून जातं आणि बेदाणा होतो. हे मी डोळ्यांनी बघत आलोय. मग मी विचार केला, जे तेल मण्यातलं पाणी पळवतं, ते होडीला चिकटणारं पाणी पळवणार नाही? हे तासगावच्या बेदाणा बाजारात बसणाऱ्या एवढ्या शहाण्या माणसांना कसं सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं. मग वाटलं, त्यांच्याकडं होडी कुठाय?

शर्यतीच्या सकाळी मी कॅन उघडला. वासानं लेक बाहेर आली. तीही त्याच शेडात वाढलेली.

"आबा, हे हितं कशाला?"

"बुडाला लावायचंय."

"आवं आबा, त्ये पाण्यात टाकलं की दुधावानी पसरतंय. हाताला लागलं तर तांब्याभर पाण्यानं जातंय. होडीला कसं ऱ्हाईल?"

"तू चुलीचं बघ."

"आन लय बुळबुळीत आसतंय."

"तेच तर पायजे."

तिनं कपाळाला हात लावला आणि गेली. मी बूड माखलं. कॅनमध्ये उरलं म्हणून होडीच्या आतनंही फडकं मारलं. तरी उरलं, म्हणून पातं माखलं, आणि पातं बसतं ती फटही माखली.

पातं म्हणजे सांगतो. होडीच्या मधोमध एक फट असते. तिच्यातनं लाकडाची एक फळी सरळ खाली पाण्यात सोडतात, तिला पातं म्हणतात. वारा होडीला आडवं ढकलतो, पातं तिला आडवं जाऊ देत नाही. वारा पाठीमागनं असला की त्याचं काम नसतं, तवा वर ओढून घेतात, म्हणजे पाण्याला तेवढीच अडवणूक कमी. सतरा वर्षं मी ही पाती लावली. ते फटीत घट्ट बसतं म्हणून खाली राहतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या सकाळी आठवणं, यात फरक आहे.

पाण्यात होडी ढकलली. चौफेर पाणी पांढरं झालं.

"पाव्हणं," व्याही वाकून बघत म्हणाले, "होडी विरघळाय लागली का काय?"

"गप बसा."

शिट्टी झाली. निळं पिंप पाण्यात मधोमध बांधलेलं होतं. तिथवर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जायचं, पिंपाला वळसा घालायचा आणि वारा पाठीवर घेऊन काठावरच्या बांबूपाशी यायचं. चारही होड्या निघाल्या. पहिली दोन मिनिटं आम्ही पुढं होतो. माझे धागे सरळ उडत होते, शीड भरलेलं, होडी अशी बोलत होती म्हणता! मी साहेबांकडं बघितलं. बघितलं म्हणजे जरा दिसंल असं बघितलं.

आणि मग काठ हलायला लागला. आम्ही पुढं जाईना, आडवे चाललो, खेकड्यासारखे.

"पाव्हणं, आपुन उसात चाललोय," व्याही म्हणाले.

मी खाली बघितलं. पातं गुडघ्याएवढं वर आलेलं. लाकूडच ते, तरंगणारच. मी दाबून खाली घातलं. हात काढला की परत वर. दाबलं, वर. जणू कुणी पाण्यातनं ढकलतंय.

"बसा त्येच्यावर!"

"कशावर?"

"पात्यावर बसा, पाव्हणं! हलू नका!"

व्याही बसले. क्विंटलला चार किलो कमी माणूस बसल्यावर पातं कुठं जातंय? होडी दोरीत ओढल्यासारखी सरळ चालली. आठ दिवस मी ज्या वजनाला शिव्या दिल्या, तेच कामाला आलं. लग्नात ज्यांच्यापुढं मान वर केली नाही त्या माणसाला मी ओरडून 'बसा', 'उठू नका', 'दाबा' म्हणत होतो आणि ते ऐकत होते.

पण नागमोडी जायचं म्हणजे वळायचं, वळलं की शिडाची बाजू बदलते, आणि होडी कलंडू नये म्हणून माणसानंही बाजू बदलायची असते. व्याही उठले की पातं उठायचं. व्याही बसले की पातं बसायचं. प्रत्येक वळणाला आम्ही दहा हात आडवे घसरायचो. साहेबांच्या जोडीला एक रिटायर बँकवाले होते, ते जाता जाता ओरडले, "काय बसलेत ते? अंडी उबवताय का?"

"तुमास्नी काय करायचंय?" व्याही तिथनंच ओरडले. "आमची पद्धत हाय ही!"

त्या एका वाक्याला मी त्यांना सगळी काकवी माफ केली.

पिंपापाशी साहेब पहिले, आम्ही तिसरे. पिंपाला वळसा घातला आणि वारा पाठीवर आला. व्याही उठले. पातं आपलं आपण वर आलं, ओढायलासुद्धा लागलं नाही. तिसऱ्याचे दुसरे झालो. साहेब मात्र वीस हात पुढं.

अर्ध्या वाटेत वारा पडला. सगळी शिडं लोंबली. साहेब आपल्या शिडाकडं बघत बसले. मी काठाकडं बघत बसलो. डोंगराच्या बाजूला एक मेंढरांचा तांडा उतरला होता, आमच्याच पूर्वेकडनं चारणीला आलेला. मेंढरं उन्हाची खाली मान घालून, एकमेकाच्या पोटाखाली तोंड घालून उभी असतात. त्यातल्या कडेच्या दोघींनी तोंड वर काढलं आणि डोंगराकडं केलं. मग आणखी चौघींनी. मेंढराला गार वाऱ्याची झुळूक माणसाआधी कळते. हे मी शाळेत न जाता शिकलो.

मी सुकाणू डोंगराकडं फिरवलं.

"आवं, बांबू तिकडं हाय!" व्याही म्हणाले.

"बसा."

"कशावर? पातं तर वर हाय."

"नुस्तं बसा, पाव्हणं."

माझ्या धाग्यानं एक गिरकी घेतली. मग वारा आला, डोंगराकडनं, आडवा. आम्हाला पहिल्यांदा मिळाला. होडी उठली. वीस हाताचे दहा झाले, दहाचे दोन, आणि बांबूपासनं दगड मारण्याच्या अंतरावर आम्ही आणि साहेब खांद्याला खांदा. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही हसू आलेलं. मला फक्त काठावर लेक दिसत होती, पदर खोचून, दोन्ही हात वर करून नाचत होती. दोन पोरांची आई ती.

पण वारा आता आडवा होता. आडव्या वाऱ्याला पातं लागतं.

"पातं दाबा! बसा त्येच्यावर!"

व्याही उत्साहात होते. बसायचं सोडून त्यांनी उडी मारली. आतनं मी स्वतःच्या हातानं फडकं मारलेलं. पाय गेला. व्याही पाठीवर पडले आणि घसरत, दोन्ही पाय पुढं करून, सरळ माझ्या मांडीवर येऊन थांबले. सगळं वजन शेपटाला आलं, होडीचं नाक आभाळात गेलं. मला पुढचं काही दिसेना, व्याह्यांच्या मिशा तेवढ्या दिसत होत्या.

"जितलो का?" ते माझ्या मांडीवरनं म्हणाले.

साहेब हातभर पुढं गेले होते. एक हात. मोजून.

काठावर सगळे हसत होते. साहेब मात्र जवळ आले, वाकून माझ्या शिडावरचा धागा बोटात धरला आणि म्हणाले, "लोकर कुठली ही? हवालदार, ते शर्तीचं मनावर घेऊ नका. पुढच्या वर्षी या."

"शब्द म्हंजे शब्द, साहेब," मी म्हणलं. मला कुणी दयेनं बोलवलेलं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पिशवी भरली. लेक चुलीपुढं पाठमोरी बसून माझ्या वाटेसाठी भाकरी करत होती. रोज रागवायची, त्या दिवशी रागवेना. फडक्यात चटणी बांधताना तिनं तीन गाठी मारल्या. एकीनं भागलं असतं.

दारात व्याही उभे. हातात कालची पँट, मागनं पांढरे डाग.

"ही बघा."

"धुवून घ्या की."

"पँटीचं ऱ्हाऊ द्या. होडीचं काय? माझ्या काठाला बांधलीय. आतनं, भाईरनं समदी तेलकट. काल शेजारच्याची म्हस पाण्यावर गेली आन वासानं म्हागारी आली. आन तुमी निघाला पिशवी घिऊन?"

"मी होडी लावायची न्हाई असं ठरलंय."

"लावाय कोण म्हंतंय? धुवा! शर्तीत धुण्याचं काय ठरलंतं का? ज्यानं माखली त्यानं धुवायची. आमच्याकडं तशी रीत हाय." मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, तुझ्या बाऽला सांग, होडी सोच्छ झाल्याबिगार मी एसटीत चढू देनार न्हाई."

मी विचार केला. शर्तीत धुण्याचं काही नव्हतं, हे खरं होतं. पिशवी खुंटीला लावली.

त्याला आज अठरा दिवस झाले. रोज सकाळी मी पाण्याकाठी जातो आणि फडक्यानं होडी पुसतो. घाई करून चालत नाही, जुनी होडी आहे. संध्याकाळी व्याही येतात, पात्यावरनं बोट फिरवतात, बोट नाकाला लावतात आणि म्हणतात, "अजून हाय." मग आम्ही दोघं तिथंच बसतो. तंबाखू त्यांची, चुना त्यांचा. परवा साहेब येऊन गेले. यंत्र बरोबर नव्हतं. म्हणाले, "धागे कसे वळायचे ते जरा दाखवा." धागे वळणंही शर्तीत नव्हतं, म्हणून दाखवले.

आज सकाळी लेक भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, त्ये तेल तांब्याभर पाण्यानं जातंय."

"तू चुलीचं बघ," मी म्हणलं.

तिनं परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.